गळणारे पेन फेकण्याआधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताच आमच्या परिसरातील एका शाळेने पालकांना सूचना धाडली, की मुलांनी शाईचे पेन वर्गात आणू नये, कारण ही पेने गळतात आणि गणवेश, वह्या व बाके खराब होतात. शिक्षकांची अडचण खरी आहे. भरल्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात शाई सांडली, तर तास तिथेच थांबतो. मात्र गळणे हा शाईच्या पेनाचा जन्मजात दोष आहे, असे या सूचनेत गृहीत धरले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. नीट बसवलेले, वेळेवर धुतलेले आणि योग्य शाई भरलेले पेन गळत नाही. गळत असेल तर त्यात बिघाड आहे, त्या बिघाडाची एक नेमकी जागा आहे, आणि ती सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा घरच्या घरी व थोडक्या खर्चात होते. ओळखीपाळखीच्या लोकांची पेने दुरुस्त करण्याचा छंद मला पुष्कळ वर्षांपासून आहे. त्यातून जे कळले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे साधे देशी पेन उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या नळीत साधारण दोन ते चार मिलिलिटर शाई मावते. निब खाली धरली तरी ही शाई भसकन बाहेर का पडत नाही, याचा विचार आपण सहसा करत नाही. नळी सगळीकडून बंद असते. शाई बाहेर जायची तर तिची जागा घ्यायला तेवढीच हवा आत यावी लागते, आणि हवेला आत येण्यासाठी निबेखालच्या जिभेतील खाच ही एकच वाट मुद्दाम ठेवलेली असते. या खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा असतात. केशाकर्षणामुळे शाई त्या चिरांतून निबेच्या टोकापर्यंत उतरते आणि खाचेच्या मोकळ्या भागातून हवेचा बुडबुडा उलट दिशेने नळीत चढतो. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये ज्या जिभेचे पेटंट घेतले, तिचे मर्म या बारीक चिरांतच होते आणि आजची पेनेही त्याच तत्त्वावर चालतात. जिभेवर आडव्या कापांची जी रांग दिसते, ती शोभेसाठी नसून जास्तीची शाई तात्पुरती अडवून धरण्यासाठी असते. हे एकदा ध्यानात आले, की गळतीचा विचार सोपा होतो. एक तर हवा नको त्या वाटेने किंवा नको तितक्या मोकळेपणाने आत येत असते, नाहीतर आत असलेली हवा फुगून शाईला बाहेर ढकलत असते. म्हणून गळत्या पेनात आधी हवेचा माग काढावा, असे माझे ठाम मत आहे.

दुकानात पेन नेले, की बहुधा पहिल्यांदा निब बदलली जाते. निबेचा दोष मात्र फार थोड्या वेळा असतो. काहीही उपटण्याआधी पेन गार पाण्याने धुवावे, बाहेरून पूर्ण कोरडे करावे आणि नळीत पाणी भरून त्यात शाईचा एखादाच थेंब टाकावा, म्हणजे ओल कुठे येते ते कागदावर लगेच उमटते. निब ज्यात बसवलेली असते आणि जिथे आपण बोटांनी पेन धरतो, तो भाग म्हणजे सेक्शन. हे सेक्शन आणि नळी यांच्या सांध्यावर पातळ टिश्यू कागदाची पट्टी गुंडाळून पेन तासभर आडवे ठेवावे. पट्टीवर निळे कडे उमटले तर दोष आट्यांत आहे. पट्टी कोरडी राहिली, तर निब खाली करून पेन रिकाम्या पेल्यात उभे करावे. निबेच्या टोकावर थेंब धरून तो पडला आणि त्यामागे दुसराही तयार होऊ लागला, तर हवा कुठून तरी सतत आत येत आहे. याच वेळी सांध्यावर ग्रीसचा हात फिरवला आणि थेंब थांबले, तर सांधा बाहेरून कोरडा दिसत असूनही चोर तोच, हे सिद्ध झाले. थेंब थांबले नाहीत, तर पेन उलटे करून निब वर ठेवावी आणि नळीचे बूड पाहावे. तिथे ओल आली तर नळीला तडा गेलेला असतो. बूडही कोरडे असेल, तरच निब आणि जीभ यांच्याकडे वळावे.

यासोबत एक गोष्ट सांगायला हवी. टोपणात शाई दिसली म्हणजे पेन गळतेच, असे नाही. स्कूटरवरून खड्ड्यांतून जाताना किंवा दप्तर बाकावर आपटताना जिभेत थांबलेली शाई झटक्याने टोपणात उडते, आणि टोपण पुन्हा लावताना ती सेक्शनला व तिथून बोटांना लागते. टोपण आतून धुऊन, कापसाच्या बोळ्याने पुसून पेन खिशात निब वर करून ठेवले, की ही तक्रार आपोआप मिटते. निबेच्या पाठीवर शाईचा पातळ थर पसरतो, त्यालाही लोक गळती समजतात. तो काही विशिष्ट शायांचा गुण आहे आणि त्याने कोणाचा खिसा खराब होत नाही.

अलीकडेच शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकांनी त्यांचे एबोनाइटचे जुने पेन माझ्याकडे आणून दिले. गंधक मिसळून कडक केलेले रबर म्हणजे एबोनाइट. या पेनाचा मूळचा काळा रंग उन्हाने आणि पाण्याने विटून तपकिरी-हिरवट झाला होता आणि अंगठ्याने घासले की गंधकाचा वास येत होता. दुकानातून निब बदलून आणली, तरी त्यांच्या मधल्या बोटावर डाग पडणे काही थांबले नव्हते. डाग बोटाच्या कोणत्या भागावर पडतो, हे पाहिले तरी निम्मे निदान होते. त्यांचा डाग निबेपासून दूर, पेनाच्या सांध्याच्या रेषेत होता. पेन उघडून भिंगाखाली धरल्यावर आट्यांच्या घळींत वाळलेल्या शाईच्या निळ्या-काळ्या खपल्या साचलेल्या दिसल्या. त्या खपल्यांमुळे सेक्शन नळीच्या काठावर पूर्ण टेकत नव्हते आणि एका बाजूला कागदाची कड जाईल एवढी फट राहिली होती. गार पाण्यात रात्रभर भिजवून, जुन्या टूथब्रशने आटे घासून, पूर्ण वाळवून त्यांवर मोहरीएवढे सिलिकॉन ग्रीस लावले आणि पेन बेताने आवळले. निबेला हातही लावला नाही. बाई आता त्याच पेनाने रोजचा हिशेब लिहितात आणि त्यांच्या बोटाला शाई लागत नाही.

ग्रीसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चुकीचे उपाय फार प्रचलित आहेत. आट्यांना सिलिकॉन ग्रीसच लावावे. पाण्याच्या फिल्टरचे सुटे भाग किंवा नळकामाचे सामान विकणाऱ्यांकडे त्याची छोटी डबी मिळते आणि ती एका घराला वर्षानुवर्षे पुरते. व्हॅसलीन मात्र लावू नये. ते खनिज तेलापासून बनते, रबराच्या पिशव्या आणि रिंगा त्याने फुगतात व सैल होतात आणि उन्हाळ्यात ते स्वतःच पातळ होऊन जिभेपर्यंत ओघळते. जिभेच्या खाचेला तेलकटपणा लागला की शाई तिथे धरत नाही. पूर्वी लोक आट्यांना मेण लावत किंवा दोऱ्याचे दोन वेढे घेत. दुसरे काही हाताशी नसेल तर तेही चालते. आटे झिजले असतील तर नळजोडणीची पांढरी टेफ्लॉन टेप एक-दोन वेढे गुंडाळावी. सेक्शनच्या खांद्याला बसेल अशी लहान रबरी रिंग मिळाली तर उत्तमच. पेन गळते म्हणून ते जोर लावून आवळणे हा मात्र सर्वांत घातक उपाय आहे. प्लास्टिकच्या पेनांच्या नळीचा काठ अशाने तडकतो आणि सुटणारी तक्रार कायमची होऊन बसते.

आता निब आणि जीभ. बहुतेक देशी पेनांत या दोन्ही सेक्शनमध्ये नुसत्या घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्या काढायच्या असतील तर सेक्शन कोमट पाण्यात भिजवून, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात निब व जीभ एकत्र धरून सरळ ओढाव्यात. पिळल्या तर निबेचे पाय वाकडे होतात. खाचेतील गाळ धुण्यासाठी पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब पुरेसे आहेत. स्पिरिट वापरू नये, कारण सेल्युलॉइड आणि ॲक्रिलिक या पेनांच्या दोन्ही प्लास्टिकांना त्याने इजा होते. ब्लेडही वापरू नये. पेन अडखळत चालते म्हणून कोणीतरी ब्लेडच्या टोकाने जिभेची खाच कोरून मोठी करतो, त्या दिवशी पेन झरझर चालते आणि आठवड्याने ते ‘गळते’ म्हणून टाकून दिले जाते, हा प्रकार मी फार पाहिला आहे. अरुंद खाचेमुळेच हवेला आवर बसतो. तो आवर गेला, की शाईचाही आवर जातो. कोरलेली जीभ पुन्हा अरुंद करता येत नाही, ती बदलावीच लागते.

पुन्हा बसवताना निबेचा मध्य आणि जिभेचा मध्य एका रेषेत हवा आणि जिभेचे टोक निबेच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर मागे हवे. मग पेन आडवे धरून बाजूने उजेडाकडे पाहावे. निब आणि जीभ यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर तिथे शाई नीट धरत नाही. प्रवाह कधी तुटतो, कधी थेंबाच्या रूपाने एकदम सुटतो. जीभ एबोनाइटची असेल तर यावर सुंदर उपाय आहे. निब आणि जीभ जेमतेम बुडतील एवढेच पेन कडकडीत तापलेल्या, पण उकळत्या नसलेल्या पाण्यात अर्धा मिनिट धरावे, बाहेर काढून मऊ झालेली जीभ अंगठ्याने निबेवर दाबावी आणि गार होईपर्यंत तशीच दाबून ठेवावी. ती नव्या वळणात कायम राहते. पेनाची नळी मात्र त्या पाण्यात बुडू देऊ नये, कारण गरम पाण्याने एबोनाइटची झळाळी जाते. प्लास्टिकची जीभ अशी वळवता येत नाही; तिथे दुसरी जोडी बसवून पाहणे एवढेच हाती उरते.

तडा गेलेल्या पेनाबाबत मी सावध सल्ला देईन. तिरप्या उजेडात भिंगाने पाहिल्यावर केसासारखी रेघ दिसली, तर घरातला झटपट चिकटणारा गोंद लावण्याचा मोह टाळावा. तो ठिसूळ असतो, त्याच्या वाफेने आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढुरका थर चढतो आणि आट्यांत थेंबभर उतरला तर पेन पुन्हा कधी उघडत नाही. जे सांधे कधीतरी उघडावे लागणार आहेत, त्यांच्यासाठी जुन्या कारागिरांचा उपाय चपडा लाखेचा आहे. सुतार पॉलिशसाठी वापरतात तीच लाख स्पिरिटमध्ये दाटसर विरघळवून सांध्याला लावायची. ती शाईला दाद देत नाही आणि पुढे सौम्य उष्णता दिली की मऊ होऊन सांधा सुटतो. ज्या पेनांच्या पोटात रबरी पिशवी असते, त्यांची पिशवीही याच लाखेने डकवतात. अशा पेनातील पिशवी आपल्या हवेत काही वर्षांनी चिकट किंवा कडक होऊन फाटते. तिला ठिगळ लावता येत नाही, नवीच बसवावी आणि लाख वाळायला एक रात्र द्यावी. नळी उभी चिरली असेल तर मात्र ते पेन अनुभवी कारागिराकडेच द्यावे.

आता अशा गळतीबद्दल, जिच्यात पेनाचा काडीचाही दोष नसतो आणि जिच्यापायी सर्वांत जास्त पेने फेकली जातात. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई संपत आली, की नळीचा मोठा भाग हवेने भरलेला असतो. हाताच्या उबेने ती हवा २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली, तर ती सुमारे ३ टक्क्यांनी फुगते. दोन मिलिलिटर हवेचा हिशेब केला, तर साधारण एक-दीड थेंब शाई बाहेर ढकलली जाते, आणि तो थेंब नेमका लिहिता-लिहिता वहीवर पडतो. विदर्भात मे महिन्यात वातानुकूलित खोलीतून ४४ अंशांच्या उन्हात आलेल्या पेनाची हवा ६ ते ७ टक्के फुगते. घाट चढताना तर याहून जास्त होते. मुंबईहून महाबळेश्वरला जाताना आपण सुमारे १,३५० मीटर उंची चढतो आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्क्यांनी कमी असतो. पेनात दोन मिलिलिटर हवा असेल, तर ती वाटेत फुगून सुमारे सहा-सात थेंब शाईची जागा मागते. एवढी शाई कोणत्याही साध्या जिभेत मावणार नाही. विमानातही हेच होते, कारण प्रवासी कक्षातील दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. यावर उपाय दुरुस्तीचा नाही, सवयीचा आहे. शाई पाव नळीवर आली की पेन पुन्हा भरावे, म्हणजे फुगायला हवाच उरत नाही. आणि प्रवासात ते निब वर करून खिशात ठेवावे, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता थेट खाचेतून निघून जाते. लहान मुलांसाठी तर ड्रॉपरऐवजी कन्व्हर्टरचे, म्हणजे शाई ओढून घेणारी लहान सुटी नळी आत असलेले, पेन घ्यावे. त्यात जेमतेम मिलिलिटरभर शाई मावते, त्यामुळे हवाही तेवढीच असते आणि असा प्रसंग क्वचितच येतो.

शाईविषयी एवढेच, की फाउंटन पेनासाठी बनवलेलीच शाई भरावी. चित्रकलेची काळी शाई वाळली की जिभेत कडक थर धरते आणि सगळे पेन निकामी होते. दोन कंपन्यांच्या शाया एकमेकींत मिसळू नयेत, आणि दौतीत गाठी किंवा बुरशी दिसली तर मन घट्ट करून ती शाई ओतून द्यावी.

हे सारे मी इतक्या आग्रहाने लिहितो, याला कारण आहे. आपल्या देशात या वस्तूची परंपरा सहज उभी राहिलेली नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या बनवण्यापासून जो उद्योग सुरू केला, त्यातून पुढे कॅमलची शाई महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली. राजमुंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेले स्वदेशी पेन मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून पत्र लिहून, ते विदेशी पेनांना चांगला पर्याय वाटते, असे त्यांना कळवले. त्या घडणीच्या पेनांचा मोठेपणा असा, की ती वापरणाऱ्याला पूर्णपणे उघडता येतात. टोपण, नळी, सेक्शन, निब आणि जीभ एवढेच भाग, आणि प्रत्येक भाग बदलता येतो. दुर्दैवाने आज पेन मिळते, पण त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. आमच्या शहरातील स्टेशनरीच्या दुकानांत मी जीभ मागतो, तेव्हा नवे पेन घ्या असे सुचवले जाते. काही रुपयांच्या भागासाठी संपूर्ण पेन कचऱ्यात जावे, हे मला पटत नाही. त्यात पेन वाईट असते, हा समज मुलांच्या मनात बसतो, तो वेगळाच.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे माझ्या काही विनंत्या आहेत. पेन विकणाऱ्या दुकानदारांनी आपल्याकडच्या प्रत्येक प्रकाराच्या निबा, जिभा आणि रबरी रिंगा थोड्या संख्येने का होईना, ठेवाव्यात. उत्पादकांनी पेनाच्या डबीत मराठीत छापलेला एक कागद घालावा, ज्यावर पेन कसे उघडायचे, कशाने धुवायचे आणि पुन्हा कधी भरायचे एवढे तरी असेल. आणि ज्या शाळांनी शाईच्या पेनांवर बंदी घातली आहे, त्यांनी ती उठवून कार्यानुभवाचा एक तास पेन उघडून, धुऊन पुन्हा जोडण्यासाठी द्यावा. पाचवी-सहावीच्या मुलांना हे काम सहज जमते आणि हवेचा दाब, प्रसरण व केशाकर्षण हे विज्ञानातले धडे त्यांना आपल्या हातातच सापडतात. कोणत्याही शाळेने बोलावल्यास मी हे प्रात्यक्षिक विनामूल्य दाखवायला तयार आहे. त्यासाठी लागणारे साहित्यही मीच आणीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, पुणे